लाल माइटवर डायटोमेशियस पावडर: दोन महिने वापरून

माझ्या सहा कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात, तुरे फिके पडले, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन पाहिलं. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला लाल ठिपके रांगत होते. दिवसा कोंबडीच्या अंगावर काहीच सापडत नाही, कारण हे माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात.

डायटोमेशियस पावडर, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची बारीक भुकटी, चांगली आहे, पण तिच्या एकटीच्या जिवावर राहू नका. मी आधी सगळं तूस काढून टाकलं, दांड्या सोडवल्या, फटींत उकळतं पाणी ओतलं आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. मगच पावडर भरली. ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि तो सुकून मरतो; ओली झाली की निकामी. एका पावसाच्या सरीने माझी सगळी मेहनत गेली, पुन्हा भरावी लागली.

अंड्यापासून पूर्ण माइट व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून दर ७ दिवसांनी पुन्हा मारली. मास्क हवाच, आणि धूळ बसेपर्यंत कोंबड्या बाहेर. रिकाम्या खुराड्यातही हे माइट कित्येक महिने उपाशी जगतात, तेव्हा जुनं खुराडं घेणाऱ्यांनी जपा.

आता तुरे पुन्हा लालबुंद आहेत.