व्हॉर्टेक्स मीटर घेताना आधी रात्रीचा फ्लो बघा
आमच्या बॉयलर हाउसच्या मुख्य स्टीम लाइनवर व्हॉर्टेक्स मीटर, म्हणजे भोवरे मोजून प्रवाह सांगणारा मीटर, लागून सहा वर्षं झाली. त्याआधी तिथे ओरिफिस प्लेट होती, म्हणजे भोक असलेली चकती; तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावरून फ्लो काढतात. तो दाब नेणाऱ्या बारीक नळ्या, इम्पल्स लाइन, तुंबायच्या, फरक मोजणाऱ्या डीपी ट्रान्समीटरचा झीरो सारखा सरकायचा, आणि फ्लो एक चतुर्थांशावर आला की आकड्यावर भरवसा ठेवता यायचा नाही. व्हॉर्टेक्स आल्यावर हा सगळा व्याप संपला. त्यात हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे देखभाल जवळजवळ नाहीच. तरीही पहिला मीटर आम्हाला काढावा लागला. तो नादुरुस्त नव्हता, आमची निवड चुकली होती.

या मीटरच्या आत प्रवाहाला आडवी एक पट्टी असते, तिला शेडर बार म्हणतात. तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. वेग वाढला की त्याच प्रमाणात सेकंदाला सुटणारे भोवरे वाढतात. वाऱ्यात ताणलेली तार गुणगुणते ती याच कारणाने, आणि त्या सुराचा वाऱ्याच्या वेगाशी असलेला संबंध भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये मांडला. मीटरचा सेन्सर फक्त हे भोवरे मोजतो. म्हणून पाण्यावर कॅलिब्रेट केलेला मीटर वाफेवरही तोच के-फॅक्टर (एका घनफळामागे किती भोवरे, तो आकडा) घेऊन चालतो. इतक्या वर्षांनीही मला याचं अप्रूप आहे.

पण वेग कमी झाला की भोवऱ्यातला जोर झपाट्याने ओसरतो आणि सेन्सरला तो जाणवेनासा होतो. अशा वेळी मीटर थोडं कमी दाखवेल असं वाटतं. तसं होत नाही, तो थेट शून्य दाखवतो.

आमचं तेच झालं. लाइन ४ इंची, म्हणून मीटरही ४ इंची मागवला. ७ बार गेजला (वातावरणाच्या दाबाच्या वर ७ बार) सॅच्युरेटेड वाफेची, म्हणजे त्या दाबाच्या उकळबिंदूवरच असलेल्या वाफेची, घनता साधारण ४.१६ किलो प्रति घनमीटर असते. दिवसा ताशी ३,००० किलो वाफ जायची, म्हणजे वेग सेकंदाला २४ मीटर. उत्तम. रात्री एकच विभाग चालू, ताशी ४०० किलो, वेग फक्त सव्वातीन मीटर. त्या घनतेला मीटरची खालची मर्यादा होती चार मीटरच्या थोडी वर. रात्रभर टोटलायझर, म्हणजे एकूण वाफेची बेरीज दाखवणारा आकडा, जागचा हलायचा नाही, आणि इकडे बॉयलरला फीड वॉटर तर जातच होतं. सगळे स्टीम ट्रॅप (लाइनमध्ये साठलेलं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) तपासले, गळती शोधली, काही सापडलं नाही. शेवटी मी कागदावर वेग काढला तेव्हा उलगडा झाला.

मग ३ इंची मीटर बसवला, दोन्ही बाजूंना पाइपाचं माप बदलणारे रिड्यूसर लावून. आता रात्री वेग साडेपाच मीटरच्या वर राहतो आणि दिवसा ४२. वाफेला ७५ मीटरपर्यंत हरकत नसते, म्हणजे वरही जागा आहे. प्रेशर ड्रॉप थोडा वाढला, तो आमच्या लाइनला सहज परवडला. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी लाइनचा साइझ ऐकूनच घेत नाही, कमीत कमी फ्लो किती ते आधी विचारतो. सप्लायरच्या साइझिंग शीटमध्ये ‘मिनिमम’चा रकाना रिकामा सोडला, तर समोरचा माणूस लाइनच्या मापाचाच मीटर देऊन मोकळा होतो.

वाफेच्या बाबतीत दुसरी फसगत घनतेची. मीटर मोजतो घनफळ आणि हिशोब आपल्याला किलोत हवा असतो. घनता ७ बारची म्हणून कायम भरून ठेवली आणि सकाळच्या लोडला प्रेशर ५ बारवर आलं, तर खरी घनता ३.१७ उरते आणि मीटर जवळजवळ ३१ टक्के जास्त वाफ दाखवतो. सॅच्युरेटेड वाफेला आतच तापमान सेन्सर असलेला मीटर पुरतो, उकळबिंदूच्या वर तापवलेल्या सुपरहीटेड वाफेला प्रेशर आणि तापमान दोन्ही लागतात. मीटरच्या आधी ट्रॅप हवाच, आणि थंड लाइनवर व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. पाण्याचा गोळा धावत येऊन शेडर बारवर आदळला तर सेन्सर वाचणं कठीण.

जागा निवडताना कंट्रोल व्हॉल्व्हच्या नंतर मीटर नको, आधी ठेवा. व्हॉल्व्हनंतर बसवायचाच तर व्यासाच्या चाळीसपट वगैरे सरळ पाइप लागतो, तो कुठून आणणार? गॅस्केट आत डोकावत नाही ना हे मी स्वतः बघतो. मीटरचं डोकं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा डबा, आडवं ठेवतो आणि त्यावर इन्सुलेशन चढू देत नाही.

मेकमध्ये, म्हणजे कोणत्या कंपनीचा मीटर घ्यायचा यात, मी एकच गोष्ट बघतो, सेन्सर कसा बदलता येतो. रोजमाउंट ८८०० मध्ये तो वाफेपासून वेगळा बसतो, लाइन बंद न करता काढता येतो. आमची मुख्य लाइन वर्षातून एकदाच बंद होते, म्हणून माझा कौल त्याला. योकोगावाच्या मीटरमध्ये पिझो क्रिस्टल (दाब पडला की विजेचा सिग्नल देणारे) शेडर बारमध्येच बंदिस्त असतात, तीही रचना भक्कम आहे.

कॉम्प्रेस्ड एअरवरही आमच्याकडे एक आहे. व्हॉल्व्ह बंद असताना तो फ्लो दाखवायचा. फ्रिक्वेन्सी पाहिली तर बरोबर ५० हर्ट्झ! केबलची शील्ड, म्हणजे तारांवरची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थ केली होती. एक टोक सोडवलं, आकडा शून्यावर आला. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मात्र हा मीटर लावू नका, ठोके भोवऱ्यांत मिसळतात.

द्रवांमध्ये डीएम वॉटरला (क्षार काढून टाकलेल्या पाण्याला) हा फार चांगला, कारण ते वीज जवळपास वाहून नेत नाही आणि मॅग्नेटिक मीटर तिथे चालत नाही. पाइप भरलेला हवा, पाणी खालून वर जाणारं असलं तर उत्तम. ट्रॅपनंतरच्या गरम कंडेन्सेटवर नको, तिथे पाण्याची पुन्हा वाफ होते. फर्नेस ऑइलसाठी तर विचारही करू नका. ४० सेंटिस्टोक दाटपणाचं तेल १ इंची पाइपात सेकंदाला १ मीटरने गेलं तर रेनॉल्ड्स नंबर (वेग, पाइपाचं माप आणि दाटपणा यांवरून प्रवाह किती खळबळता ते सांगणारा आकडा) सातशेच्याही आत राहतो, आणि या मीटरला किमान ५,००० तरी लागतो, नीट अचूकतेला २०,०००. त्या लाइनवर आमचा जुना पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट मीटरच (ठरावीक मापाचे कप्पे भरून-रिकामे करत मोजणारा) आहे, आणि तो काढायला मी नाही म्हटलं आहे.