खिशातला लाँच मॉनिटर : दहा महिने वापरल्यानंतर

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते मोकळे. गेल्या ऑक्टोबरात हा छोटा रडारवाला लाँच मॉनिटर, म्हणजे गोल्फचा फटका मोजणारं यंत्र, हातात आला तेव्हा माझा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) २४.८ होता. आज ऑगस्टात तो २२.९ आहे. दहा महिन्यांत दोन फटकेसुद्धा कमी झाले नाहीत. त्यातलं श्रेय मशीनला किती द्यायचं, यावर माझा आणि माझ्या भाच्याचा अजून वाद आहे.

मी गोल्फ उशिरा धरला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अदिती अशोकचं ऑलिम्पिक पदक एका फटक्याने हुकलं, ती पहाट मी टीव्हीसमोर काढली होती. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकमध्ये खेळून आला होता. तोवर गोल्फ म्हणजे येरवड्याच्या बाजूने विमानतळाकडे जाताना भिंतीपलीकडे दिसणारी झाडं, एवढीच माझी ओळख. पन्नाशीला टेकलेलो, गुडघ्यांनी बॅडमिंटनला रजा दिलेली. म्हटलं, हे जमेल.

पहिल्या वर्षी झरझर सुधारलो. मग गाडी जी थांबली ती थांबलीच. दर रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचं, आमचा ठरलेला चौघांचा कंपू, अठरा होल, नंतर चहा आणि ऑम्लेट. पावसाचे दोन-चार रविवार सोडले तर खंड नाही. मध्ये ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी, म्हणजे क्लब) बदलला, महागडे बॉल घेऊन पाहिले, बूट बदलले. स्कोअर आपला ९८ ते १०४. बायको एकदा म्हणाली, "एवढ्या वेळात पोरगी इंजिनियर होऊन नोकरीला लागली." यावर काय बोलणार?

मशीन भाच्याने न्यू जर्सीहून आणलं. "मामा, तू सगळं अंदाजावर खेळतोस," असं म्हणत त्याने डबा हातात ठेवला. पैसे मीच दिले, साठ हजारांच्या आत बसलं. मोबाइलपेक्षा थोडं जाड, मागे छोटी घोडी. बॉलच्या मागे पाच-सहा फुटांवर, मारायच्या दिशेने तोंड करून ठेवायचं आणि फोनला जोडायचं. आत डॉपलर रडार आहे, वेग मोडणाऱ्या गाड्या पकडायला पोलीस जे यंत्र रोखतात त्याच तत्त्वावरचं. क्लबच्या डोक्याचा वेग आणि बॉलचा वेग ते खरोखर मोजतं. बॉल किती अंतर हवेतून जाईल, हे त्यावरून हिशेब करून सांगतं. स्पिनचा, म्हणजे बॉल किती फिरतो त्याचा, आकडाही देतं, पण या किमतीच्या मशीनमध्ये तो मोजलेला नसतो, काढलेला असतो. महिन्याभरात मी त्याकडे बघणंच सोडलं.

आता पहिल्या दिवसाची गोष्ट. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सेव्हन आयर्न (सात नंबरचा क्लब; नंबर जितका लहान तितका बॉल लांब) काढला. माझा सेव्हन आयर्न दीडशे यार्ड जातो, हे मी चार वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. तीस बॉल मारले. आकडे आले ११९, १३१, १०८ (हा जमिनीला लागला), १२६, १४४, १२२... सरासरी १२७. मला वाटलं, रेंजचे बॉल झिजलेले असतात, कमी जातात, मशीन तरी काय करणार. त्यात तथ्य आहेच. म्हणून गच्चीवर जाळी लावून स्वतःचे चांगले बॉल मारले. सरासरी १३१.

तो १४४ चा फटका मला आजही आठवतो. आवाजसुद्धा आठवतो. आणि गोम तिथेच होती. चार वर्षांत महिन्याला एखादा असा लागला असेल, त्यात उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर बॉल वीस यार्ड घरंगळला असेल, आणि तोच माझा 'नेहमीचा' सेव्हन आयर्न होऊन बसला. जुलैमध्ये मऊ फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल पडतो तिथेच रुततो, तेव्हा हवेतलं अंतर तेवढं खरं. मग आम्ही म्हणायचो, पावसाळ्यात कोर्स लांब होतो.

पुढच्या रविवारी एका पार थ्रीवर (तीन फटक्यांत पुरा करायचा होल), १३८ यार्ड, मी सवयीने सेव्हन मागितला. आमचा कॅडी (बॅग वाहणारा, क्लब सुचवणारा) पंचवीस वर्षं हेच काम करतोय. त्याने बॅगेतून पाच नंबर काढून माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. तो काही बोलला नाही, पाच परत ठेवून सात दिला. बॉल ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडच्या बंकरमध्ये. वाळूत उतरताना मी त्याला विचारलं, "तू पहिल्यापासून पाचच म्हणत होतास का रे?" तो म्हणाला, "साहेब, मी चार वर्षं पाचच काढतोय. तुम्ही सातच घेता." बंकर नीट करायचा रेक माझ्या हातात देऊन तो पुढे निघाला.

त्या दिवसापासून प्रत्येक अंतराला एक क्लब जास्त घ्यायला लागलो. बावधनच्या ऑक्सफर्डला, जिथे चढ-उतारांनी अंतराचा अंदाज तसाही फसतो, तिथे कधी दोन. इंडेक्समध्ये जो काही फरक पडलाय त्यातला निम्मा तरी एवढ्यावरच पडलाय, आणि स्विंगमध्ये तेव्हा काडीचाही बदल नव्हता. भाचा म्हणतो, हे मशीनमुळे कळलं. माझं म्हणणं, कॅडीचं ऐकलं असतं तर साठ हजार वाचले असते.

इथवर ठीक होतं. मग मला आकड्यांचं व्यसन लागलं.

ड्रायव्हरचा माझा क्लबवेग ताशी ८६ मैल, बॉलचा ११९. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की येतो स्मॅश फॅक्टर, माझा १.३८. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त १.५० च्या आसपास जाऊ शकतो. मोठ्या स्पर्धांत खेळणाऱ्या व्यावसायिकांचा क्लबवेग ताशी ११० मैलांच्या पुढे असतो, तो नाद माझ्या पाठीला परवडणारा नव्हता. हे डिसेंबरात कळलं, तीन दिवस कमरेला शेक देताना. खरं तर मशीन ओरडून सांगत होतं की वेग वाढवू नकोस, बॉल क्लबच्या मध्यावर घे. पण आकडा वर गेला की बरं वाटतं, आणि वेगाचा आकडा सगळ्यात पटकन वर जातो.

गच्चीवरच्या जाळीचाही एक अध्याय झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "कोण गाद्या झोडपतंय का वर?" मी बॉल दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा बॉलचा एवढा आवाज? माझ्या देवघरातल्या समया हलतात." तेव्हापासून सकाळी आठनंतर आणि दुपारी एकच्या आत. काकूंचं काही चुकलं नाही.

पण मुख्य अडचण निराळीच. मशीनवर माझे आकडे जानेवारीपर्यंत सुधारले आणि कोर्सवर काहीच सुधारलं नाही. रेंजवर चाळीस सेव्हन आयर्न ओळीने मारले की शेवटचे पंधरा झकास जातात. रविवारी पहिल्या टीवर (जिथून होल सुरू होतो) पुन्हा उजवीकडे वळणारा तोच जुना स्लाइस, थेट झाडीत. याचं कारण गोल्फच्या बाहेर सापडलं. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या दोघांनी एक प्रयोग केला होता. लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने हाताने पाडायच्या, असे तीन प्रकार. एका गटाने एकेक प्रकार सलग घोटला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट मिसळून. सराव चालू असताना पहिला गट पुढे. पण काही दिवसांनी पुन्हा पाहिलं तर ज्यांनी मिसळून केलं त्यांच्याच अंगात ते मुरलेलं. म्हणजे माझे चाळीस सेव्हन आयर्न ही स्वतःची छान फसवणूक होती, आणि मशीन त्या फसवणुकीचं प्रगतिपुस्तक लिहून देत होतं. आता मी एकच क्लब सलग दोनदा मारत नाही. ड्रायव्हर, मग आठ, मग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), प्रत्येक वेळी नवं लक्ष्य. आकडे वाईट येतात. येऊ देत.

स्लाइसचं मात्र मशीनला काही सांगता आलं नाही. बॉल कुठे सुरू होतो हे बऱ्यापैकी क्लबच्या तोंडाच्या (बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूच्या) दिशेवर ठरतं, आणि वळतो तो तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. माझं मशीन यातलं फक्त पहिलं, सुरुवातीची दिशा, दाखवतं. तोंड किती उघडं होतं हे त्याला दिसत नाही. फेब्रुवारीत शेवटी एका प्रोकडे, म्हणजे शिकवणाऱ्या व्यावसायिकाकडे, गेलो. त्याने चार बॉल पाहिले आणि माझा डावा हात पकडून उजवीकडे वळवला. म्हणाला, "खाली बघा. किती गाठी दिसतात?" बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी. पूर्वी मला एकच दिसायची, आता अडीच. "एवढंच," तो म्हणाला. त्या एवढ्याशा फरकाने हात इतका परका वाटला की दुसऱ्याच कुणाचा क्लब धरल्यासारखं झालं. पहिले दहा बॉल डावीकडच्या जाळीवर. अकरावा सरळ गेला, आणि मी लगेच मशीनकडे पाहिलं. प्रोने पुढच्या वेळी ते गाडीतच ठेवायला सांगितलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. रविवारी मी नवी ग्रिप (पकड) दोन होल धरली. दोन्ही बॉल डावीकडे. तिसऱ्या टीवर हात आपोआप जुन्या जागी. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. आमच्यात हरणाऱ्याने ऑम्लेटचं बिल भरायचं असतं. स्कोअरकार्ड खिशात असलं की हाताला जुनंच आठवतं, आणि माझ्या खिशात चार वर्षं दर रविवारी कार्ड होतं. मी नियमित खेळत होतो म्हणूनच तिथल्या तिथे होतो. गंमत म्हणजे इंडेक्स गेल्या २० राउंडांतल्या सर्वोत्तम आठांवरून निघतो, म्हणजे चार-दोन राउंड वाया गेले तरी कागदावर फारसं बिघडत नाही. तरी मी घाबरत होतो. चौघांसमोर एका होलला ९ लिहायला लागणं वेगळं.

एकदा बसून हिशेब केला. शंभर फटक्यांच्या राउंडमध्ये, एका फटक्याला दोन सेकंद धरले, तर क्लब हलतो तीन मिनिटं वीस सेकंद. त्या शंभरातले पस्तीस-छत्तीस फटके तर नुसते पट, म्हणजे ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलणं. उरलेले चार-साडेचार तास चालणं, बॉल शोधणं आणि गेल्या रविवारची उणीदुणी. याला मी सराव म्हणत होतो.

मार्च ते मे मी कार्ड लिहिलं नाही. मित्रांना सांगितलं, येतो, पण बिलात मला धरू नका, उलट दर वेळी चहा माझा. त्यांनी चहा आनंदाने घेतला. दोन दिवस रेंज, एक दिवस प्रो, रविवारी कार्डाशिवाय नऊ होल. एप्रिलमध्ये पंधरा दिवस असे गेले की क्लब विकून टाकावेत असं वाटलं. मेच्या शेवटी ड्रायव्हरचा स्मॅश १.४३ वर आला, हवेतलं अंतर दहा-बारा यार्डांनी वाढलं आणि स्लाइस राहिला तरी झाडीऐवजी रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या वाढलेल्या गवतात) थांबायला लागला. क्लबवेग ८७. म्हणजे डिसेंबरातला सगळा आटापिटा एका मैलाचा.

पटिंग आणि चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना) हे मशीन निरुपयोगी. क्लबात सगळे सांगतात की स्कोअर ग्रीनवर ठरतो, म्हणून मला आधी हे पैसे वाया गेल्यासारखे वाटत होते. पण कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांचे लाखो फटके तपासून दाखवलंय की अव्वल खेळाडूंची आघाडी दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांतून येते. आठ फुटांवरचा पट तर तेही जेमतेम निम्म्या वेळा घालतात. हे वाचल्यापासून आठ फुटांवरून चुकल्यावर मी तोंड वाकडं करत नाही. चार फुटांवरून अजून करतो.

आता तक्रारी. मे महिन्यात सकाळी अकरानंतर वापरू नका. मशीन टिकतं, फोन तापून बंद पडतो. बॅटरी सुरुवातीला सहा-सात तास जायची, आता साडेचार. मशीन दिशेला किंचित तिरकं ठेवलं गेलं तर तुमचे सगळे फटके उजवीकडे गेल्याचं ते शांतपणे सांगतं, आणि तुम्ही आठवडाभर नसलेला दोष दुरुस्त करत बसता. मी बसलोय. शेजारच्या चटईवर कोणी जोरात मारत असेल तर कधीकधी त्याचा फटका माझ्या नावावर चढतो. एकदा मी २३१ यार्ड मारला होता, त्याचं चित्र काढून ठेवलंय.

घ्यावं का? ज्याचा सरळ मारण्याशी अजून परिचयच नाही त्याने आधी ते पैसे प्रोला द्यावेत. ज्याला आपला प्रत्येक क्लब किती जातो हे ठाऊक आहे असं वाटतं त्याने एक दिवस उसनं मागून पाहावं, विकत घ्यायची गरजही नाही.

माझं सध्या तसंच उसनं गेलंय. कंपूतला एक मित्र, सेव्हन आयर्न दीडशे मारणारा, परवा घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला.

"अरे, तुझं मशीन बिघडलंय. एकशे एकोणतीसच दाखवतंय."