मोबाइलवाल्यांचा ब्लोअर आणि मॉडेल गाड्यांचे वाकडे पंख

८५८डी हे मशीन मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात दिसेल. छोटा डबा, तापमानाचे आकडे, हवा कमी-जास्त करायची खुंटी आणि वायरला जोडलेली गरम हवेची नळी. कारागीर त्याला नुसतं ब्लोअर म्हणतात. मी ते पुण्यात तपकीर गल्लीतून आणलं, पण सोल्डरिंगसाठी नाही. कपाटातल्या १:१८ आणि १:४३ च्या (खऱ्या गाडीच्या अठराव्या आणि त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढ्या) मॉडेल गाड्यांचे बाक आलेले भाग सरळ करायला. किंमत अडीच-तीन हजारांच्या घरात. हेच मशीन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे डब्यावर काय छापलंय याला फारसा अर्थ नाही.

आधीच सांगून टाकतो, यातल्या निम्म्या कामांना हे मशीन लागत नाही. गरम पाण्याचं पातेलं पुरतं. उरलेल्या निम्म्यांना मात्र याच्याशिवाय इलाज नाही.

माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं. ‘बघायला सरळ दिसतंय’ हे वाक्य मला चालत नाही. भाग जाड काचेवर ठेवायचा आणि खालून फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवायचा. १:१८ मध्ये १ मिलिमीटरचा बाक म्हणजे खऱ्या गाडीवर १८ मिलिमीटर. १:४३ मध्ये तोच ४३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच! एवढा लोंबणारा पंख घेऊन कुणी शर्यतीत उतरेल का?

पहिलं काम १:१८ च्या पोर्शे ९११ जीटी३ चं. तिचा मागचा पंख (स्पॉइलर) एबीएस या कडक प्लॅस्टिकचा, मधोमध पोट सुटल्यासारखा खाली आलेला. पंख खुंट्यांवर बसवलेला होता, अलगद निघाला. सुटा भाग हातात आला की ब्लोअर बाजूला ठेवावा. एबीएस साधारण १०५ अंशांना मऊ पडतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, म्हणून आपलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ही सहा-सात अंशांची तूट फायद्याचीच आहे: प्लॅस्टिक वितळत नाही, रंगाला फोड येत नाहीत, फक्त आतला ताण सैल होतो. साच्यातून निघताना जो आकार होता त्याकडे भाग बराचसा आपणहून परततो. मग दोन काचांमध्ये धरून थंड पाण्यात. पूर्ण गार होईपर्यंत क्लिपा काढायच्या नाहीत. गरम सगळेच करतात, पण आकार ठरतो तो गार होताना.

ब्लोअरने पैसे वसूल केले ते १:४३ च्या पोर्शे ९१७ वर. १९७० आणि ७१ च्या ल मान्स शर्यतीत धावलेली, लांब शेपटीची. बॉडी रेझिनची, एकसंध. शेपटीचं टोक एका बाजूला खाली झुकलेलं. रेझिनला ६०-७० अंश पुरतात, पण हिला पाण्यात बुडवणार कशी? अंगभर नंबर आणि पट्ट्यांचे डिकल (पातळ स्टिकर), आत चिकटवलेल्या काचा. पाणी शिरलं तर एक दुरुस्त करताना चार बिघडतील.

आणि इथेच मशीनची खरी उणीव दिसते. त्याचं किमान तापमानच १०० अंश. सोल्डर वितळवायला बनवलेल्या यंत्राला त्याहून खाली यायचं कारणच नाही, पण आपल्या कामाला ते जास्त आहे. उपाय अंतराचा. मल्टिमीटरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शेपटीजवळ टेकवलं, हवा अगदी कमी ठेवली, रुंद तोंडाची नळी लावली आणि मीटर ६५ दाखवेपर्यंत नळी मागे घेत गेलो. पडद्यावरचा आकडा नळीच्या आतल्या हवेचा असतो, भागाच्या तापमानाचा नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. काचा आणि डिकल ॲल्युमिनियम फॉइलने झाकले. मोबाइलवाले वापरतात ती पिवळी उष्णतारोधक टेपही चालते. सायनोॲक्रिलेट गोंद (फेविक्विकसारखा) ८० अंशांच्या पुढे ताकद सोडू लागतो, म्हणून आरसे, वायपर असल्या चिमुकल्या भागांकडे हवेचा झोत जाऊ द्यायचा नाही. शेपटी नरम झाली, बोटाने उचलली, खाली पॅकिंग देऊन तशीच गार होऊ दिली. आता गेज दोन्ही बाजूंना सारखा बसतो.

हेअर ड्रायरने होत नाही का? होतं, पण त्याचा झोत फार पसरट. शेपटी तापवताना अख्खी गाडी तापते.

जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी किंवा चासी फुगून वाकली असेल, तिथे मात्र ना ब्लोअर, ना पातेलं. तो बाक उष्णतेचा नव्हे. धातूत शिशासारखी भेसळ राहिली की कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो, धातू फुगतो, तडकतो. १९३० च्या दशकातल्या डिंकी गाड्या यासाठी कुप्रसिद्ध आहेत. असला भाग सरळ करायला गेलात तर हातात तुकडे येतील. गाडी कोरड्या जागी ठेवा आणि तिला हात लावू नका.

मशीनची बांधणी ठीकठाक. नळी स्टँडवर ठेवली की मशीन आपोआप गार हवा सोडत थांबतं, ही सोय फार आवडली. पंखा नळीतच असल्याने ती जराशी जाड आहे, तासभर धरली की मनगट बोलतं. स्वस्त मशिनांत अर्थिंग नीट जोडलेलं असेलच असं नाही. प्लगची अर्थ पिन आणि नळीचं धातूचं तोंड यांच्यात मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय चालू करू नका. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

घेताना हीटरची कॉइल सुटी मिळते का तेही विचारा, कारण आधी जळते ती तीच. मी एक जादा कॉइल सोबतच घेतली. फक्त सुट्या पंखांचं काम असेल, तर हे पैसे चांगल्या मल्टिमीटरवर आणि जाड काचेवर घाला.