अँटीव्हायरस घ्यायला गेले आणि चोराला घरात घेतलं

२०२४च्या नवरात्रात माझ्याकडे एका दिवाळी अंकाचं काम होतं. मी सांगलीत घरूनच डीटीपीची कामं करते. छपाईला पानं द्यायची घाई, त्यात एका लेखकाची फाइल उघडेना, म्हणून फाइल बदलून देणारी एक फुकटची साइट शोधली. तिथे ‘तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाउ दाबा’ असं आलं. मी दाबलं. सगळ्याची सुरुवात तिथून झाली, हे फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी येऊ लागल्या. ‘अँटीव्हायरसची मुदत संपली’, ‘५ व्हायरस सापडले’. विकतचा अँटीव्हायरस मी कधी घेतलाच नव्हता, मग मुदत कशाची संपणार? पण वाटलं, भाचा काहीतरी टाकून गेला असेल. एक चौकट दाबली आणि अख्खा स्क्रीन निळा झाला. सायरन वाजायला लागला. संगणक बंद केलात तर डेटा जाईल, असं एक बाई इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती. मधोमध मोठ्या अक्षरात टोल फ्री नंबर. आत अंकाची ११२ पानं होती. मी फोन लावला.

पलीकडचा मुलगा हिंदीत, अगदी अदबीनं बोलत होता. ‘मॅडम, घबराइए मत.’ त्यानं एस्केपचं बटण दाबून धरायला सांगितलं, सायरन थांबला, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. मग एक ॲप टाकायला लावलं, त्यात दिसणारा कोड वाचून दाखवायला सांगितला. त्यानंतर माउसचा बाण तोच चालवू लागला.

पुढचं मी बारकाईनं सांगते, कारण मी फसले ती इथेच. त्यानं विंडोजमधलंच ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडलं. लाल गोल, पिवळे त्रिकोण, ‘एरर’, ‘वॉर्निंग’ अशा शेकडो ओळी. म्हणाला, हे सगळे व्हायरस. मग काळी खिडकी उघडून त्यात काहीतरी टाइप केलं. आकड्यांची रांग आली, वर लिहिलेलं ‘फॉरेन ॲड्रेस’. म्हणाला, परदेशातले लोक आत्ता तुमच्या संगणकात आहेत. माझ्याच संगणकातलं, माझ्या डोळ्यांसमोर दिसतंय, ते खोटं कसं मानायचं?

ते खोटं नव्हतंच. अर्थ खोटा होता. पडद्याआड चालणारी विंडोजची एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, प्रिंटरनं उत्तर दिलं नाही, तरी विंडोज त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ठेवतं. कालच विकत आणलेल्या लॅपटॉपवरही या लाल ओळी असतात. आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे तुमचा संगणक ज्याच्याशी जोडलेला आहे त्या दुसऱ्या टोकाचा पत्ता. बँकेची साइट उघडली तरी तो तिथे दिसणारच.

तीन वर्षांचा ‘प्लॅन’ ७,९९९ रुपयांचा. कार्डाचे आकडे मी त्याच स्क्रीनवर टाइप केले, ओटीपीही. एक हिरवं प्रोग्राम बसलं, ‘तुमचा संगणक सुरक्षित आहे’ असं दाखवू लागलं. त्या रात्री मी निर्धास्त झोपले.

चौदा दिवसांनी, रात्री अकराच्या सुमाराला प्रुफं वाचत बसले होते. हात कागदावर, आणि बाण हलला. आधी वाटलं टेबलाला धक्का लागला असेल. बाण सरळ वर गेला, ब्राउझर उघडला, सेटिंग उघडली, जतन केलेले पासवर्ड उघडायला लागला. मी उठून राउटरची पिन भिंतीतून उपटली. हात थरथरत होते.

भाचा पुण्याहून आला तेव्हा उलगडा झाला. त्या ॲपला त्यांनी कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता, म्हणजे मला न विचारता कधीही आत. हिरवं प्रोग्राम काहीच तपासत नव्हतं, प्रत्येक वेळी तोच आकडा दाखवत होतं. आणि सगळ्यात संताप आला तो याचा: विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर, जो २०१२च्या विंडोज ८पासून पूर्ण अँटीव्हायरस म्हणून फुकट मिळतो, तो त्यांनी बंद करून टाकला होता. जे माझ्याकडे होतं ते काढून घेण्याचे मी पैसे मोजले.

बाण हलला त्याच रात्री कार्ड बंद केलं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन दोन आठवडे झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, हे तेव्हा समजलं. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी फोन आधी करा. पैसे भरल्याचं मी घरच्यांपासूनही लपवलं, त्यात ते चौदा दिवस गेले.

आता फाइली बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकलंय, डिफेंडर चालू आहे, आणि माझ्या कामाला तो पुरतो. विकतचा घ्यायचाच असेल तर जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थांचे चाचणी निकाल खुले असतात, ते बघा, आणि नूतनीकरण त्या प्रोग्राममध्ये शिरूनच करा, चौकटीतल्या लिंकवरून नाही. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तिथे नुसता अँटीव्हायरस पुरायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. आणि कोपऱ्यातल्या त्या चौकटी म्हणजे व्हायरस नव्हे, ब्राउझरच्या सेटिंगमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ‘अलाउ’ केलेली ती साइट काढून टाकली की थांबतात. माझ्या थांबल्या, दोन मिनिटांत.

एकदा फसलेल्याचा नंबर हे लोक सोडत नाहीत. गेल्या महिन्यात फोन आला, ‘मॅडम, कंपनी बंद होतेय, तुमचे ७,९९९ परत द्यायचेत, फक्त एक ॲप टाका.’ रक्कम बरोबर होती, नाव बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि तो नंबर सरकारच्या ‘संचार साथी’ साइटवर, फसवे कॉल कळवायच्या ‘चक्षू’ विभागात कळवला.