ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत स्वतः चालवायची विजेची बोट

१५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बोटीला नेदरलँड्समध्ये परवाना लागत नाही. त्यामुळे इथे बोट भाड्याने मिळणं सोपं आहे, चालवणं मात्र तितकं सोपं नाही. बोट भाड्याने देणारे सुरुवातीची माहिती फार घाईत उरकतात, हीच या सेवेची खरी उणीव.

सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की बोटीचं नाक डावीकडे वळतं. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि बहुतेक धडका तिथेच बसतात. ब्रेक नसतो, म्हणून थांबायच्या बरंच आधी वेग सोडून उलटा गिअर टाकावा. उजवी बाजू धरा, मोठ्या प्रवासी बोटींना वाट द्या. पुलाखाली सगळ्यांनी बसायचं, हात आतच. दोराचं टोक पाण्यात लोंबकळलं तर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळतं.

शौचालय नसतं, म्हणून मधले थांबे आधीच ठरवा. सकाळी लवकर निघालात तर रेगुलिअर्सग्राख्ट कालव्याच्या तोंडाशी, हेरेनग्राख्ट कालव्यावरून, एका रांगेत दिसणारे ७ पूल निवांत पाहता येतात. तेवढ्यासाठीसुद्धा ही बोट घ्यावी!