कृष्णधवलसाठी चार रंगीत काचा: सहा महिने वापरल्यावर

पिवळी, नारिंगी, लाल आणि पोपटी अशा चार काचांचा (फिल्टरांचा) संच. ६७ मिलिमीटर व्यासाचा, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचा. माझा कॅमेरा नेहमीचाच, रंगीत सेन्सरचा (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग). फोटो कृष्णधवल करायला संगणकावर एक क्लिक पुरते, हे मला ठाऊक होतं. पण फिल्मवर काम केलेली माणसं लाल फिल्टरचं नाव काढलं की जरा हळवी होतात, ते का, हे मला स्वतः बघायचं होतं.

आधी वस्तूबद्दल. तीन काचांविषयी तक्रार नाही. लाल काचेचे आटे मात्र नीट कापलेले नाहीत. पहिल्याच दिवशी ती लेन्सवर अशी अडकली की सुटेना. चिमटीत घट्ट धरून जोर लावला तर कडं दबून किंचित लंबगोल होतं आणि आणखी आवळतं, हे तेव्हा कळलं. शेवटी कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळला आणि हलक्या हाताने फिरवली, तेव्हा निघाली. समोर दिवे असले की काचेवरून उलटलेल्या उजेडाचे ठिपके फोटोत येतात. रात्री वापरायच्या असतील तर हा संच विसरा.

आता प्रकाशाचा हिशोब. पिवळी काच एक स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), नारिंगी आणि पोपटी दोन-दोन, लाल तीन. म्हणजे एरवी १/२५० सेकंदात होणारा फोटो लाल काचेमागून १/३० वर येतो. वारा असेल तर पानं हलणारच.

काच आपल्या रंगाला उजळ करते आणि विरुद्ध रंगाला काळं. लाल काच लावून निळं आकाश बघितलं आणि पहिल्यांदा अंगावर काटा आला. आकाश जवळजवळ काळं, ढग कापसासारखे सुटे, लांबचे डोंगर धुरकटपणा झटकून पुढे आलेले. हवेतल्या त्या धुरकटपणात निळा उजेड जास्त असतो आणि लाल काच तोच अडवते. म्हणून खऱ्या धुक्यातही हीच जादू होईल, असं समजून एका पहाटे बाहेर पडले. काहीही झालं नाही. धुक्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात. तीन स्टॉप फुकट गेले.

मग तेच आकाश ट्रायपॉडवरून काचेशिवाय रॉमध्ये (म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) टिपलं आणि सॉफ्टवेअरमध्ये निळ्याचा उजळपणा ठरवणारा स्लायडर खाली ओढला. फोनवर दोन्ही फोटो जुळे वाटतात. मोठे करून बघितले तेव्हा वेगवेगळे दोष दिसले. स्लायडरवाल्यात आकाशात कण उठले होते आणि झाडाच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ आली होती. काचवाल्यात रेघ नव्हती, पण पानं मऊ पडली होती, बारीक तपशील गेला होता. रंगीत सेन्सरवर दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. लाल काच लावली की एकच बिंदू खरं काम करतो, बाकी तिघांपर्यंत जेमतेम उजेड पोचतो. माझ्या २४ मेगापिक्सेलपैकी सहाच कामावर, अठरा रजेवर!

याहून मोठा फटका विटांच्या भिंतीने दिला. कॅमेऱ्याच्या पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये (फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणाऱ्या आलेखात) सगळं शांत दिसत होतं. घरी येऊन बघते तर भिंत चुना फासल्यासारखी सपाट, विटेचा एक खड्डाही नाही. पांढऱ्या आलेखात हिरव्याचं वजन जास्त असतं, त्यामुळे लाल कधीच उतू गेलाय हे तो सांगत नाही. तेव्हापासून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगळा लावते आणि लालकडे बघूनच एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवते.

चेहऱ्यांचं प्रकरण मजेदार आहे. खिडकीपाशी बसवून आईचे दोन फोटो काढले. नारिंगी काचेत तिच्या गालावरचे वांग नाहीसे झाले, ओठही फिकटले. पोपटीत प्रत्येक डाग आणि सुरकुती हजर. आईने दोन्ही बघितले आणि म्हणाली, "ही दुसरी मी. पहिली माझी धाकटी बहीण दिसते." खरं सांगायचं तर काचेशिवायच्या रॉ फाइलवर नारिंगीचा स्लायडर वर नेऊन धाकटी मावशी मला दोन मिनिटांत मिळाली, आणि तो खाली आणल्यावर आईही परत आली. काच लावून काढलेल्या फोटोत अशी परतीची वाट नसते.

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम डोंगराचा कडा आधी पिवळ्या फिल्टरमधून टिपला. मनासारखं आकाश येणार नाही असं वाटल्यावर उरलेल्या एकमेव प्लेटवर (फिल्मचं काम करणाऱ्या काचेच्या पाटीवर) गडद लाल फिल्टर लावून पुन्हा टिपला. त्याच्या प्लेटला रंगीत बिंदूच नव्हते, त्यामुळे लाल काचेमागेही ती सगळीच्या सगळी काम करत होती. आमच्या सेन्सरला ते जमत नाही. फिल्मवाले हळवे का होतात, ते इथे समजलं.

म्हणून रंगीत सेन्सर असेल तर पूर्ण संचाच्या फंदात पडू नका. पिवळी एकटी घेतलीत तर चालेल. ती हिरव्या आणि लाल बिंदूंना फारसा त्रास देत नाही आणि आकाशाला हलकासा उठाव देते. माझ्या लेन्सवर तीच असते. लाल काच मी आता डोळ्याला लावते. निळं-हिरवं गडद होतं, लाल विटा उजळतात, दृश्यात दम आहे की नाही ते लगेच कळतं. मग ती खिशात टाकून फोटो काचेशिवाय काढते.

लायकाचा २०१२ सालचा मोनोक्रोम किंवा पेंटॅक्सचा २०२३ सालचा के-३ मार्क थ्री मोनोक्रोम कॅमेरा ज्यांच्याकडे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे सेन्सरला रंगच दिसत नाही, नंतर ओढायला स्लायडर नाहीत, जे करायचं ते लेन्सपुढेच. त्यांनी चारही काचा घ्याव्यात. फक्त लाल काच विकत घेण्याआधी लेन्सवर एकदा बसवून काढून बघा.