आधी सुवर्ण की एकूण पदकं?

ऑलिम्पिक आलं की सोलापुरात पार्क चौकातल्या चहावर हा वाद रंगतोच: पदकतालिका सुवर्णावर लावायची की एकूण पदकांवर?

आपल्याकडची वर्तमानपत्रं सुवर्णाला आधी धरतात. बरोबरी झाली तरच रौप्य आणि मग कांस्य बघायचं. पॅरिसला, 2024 मध्ये, अमेरिका आणि चीन दोघांची 40-40 सुवर्णं झाली. अमेरिकेची रौप्यं 44, चीनची 27, म्हणून अमेरिका पहिली. एकूण मोजलं तरी 126 विरुद्ध 91, त्यामुळे वर काही फरक पडत नाही.

खरा फरक पडतो तो आपल्यासारख्यांना. त्याच स्पर्धेत भारताची सहा पदकं, एक रौप्य आणि पाच कांस्य, क्रमांक 71. पाकिस्तानचं एकच पदक, पण अर्शद नदीमच्या 92.97 मीटरच्या भाल्याचं सुवर्ण; क्रमांक 62. आपल्या नीरज चोप्राचा भाला 89.45 वर पडला, रौप्यच मिळालं आणि देश तालिकेत खाली गेला.

सुवर्णाची पद्धत सर्वोच्च यशाचा मान राखते, हे कबूल. पण कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं 451.4 गुणांचं कांस्य तिच्यात जवळपास दिसतच नाही, आणि ते मला अजिबात पटत नाही. एकूण पदकांत मात्र सुवर्ण आणि कांस्य एकाच मापाने मोजले जातात, तोही अन्यायच. तरी देशात खेळ किती रुजलाय हे बघायचं असेल, तर मी एकूण आकडाच आधी वाचतो.